सीपीयू मोकळा, तरी आवाज तडकतो: इंटरप्ट आणि डीपीसी मोजताना

लॅपटॉपला यूएसबी ऑडिओ इंटरफेस जोडलेला, सॅम्पल रेट ४८,००० हर्ट्झ, बफर, म्हणजे एका वेळी पुढे दिला जाणारा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा. हार्मोनियम आणि तबल्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मधूनच ‘टक्’ असा आवाज यायचा. कधी पाच मिनिटांत तीनदा, कधी अर्धा तास काहीच नाही. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू सहा-सात टक्क्यांवर, रॅम निम्मी रिकामी, डिस्क शांत. अशा वेळी लोक आधी केबल बदलतात, मग इंटरफेस, मग सॉफ्टवेअर. तिन्हीवर खर्च होतो आणि ‘टक्’ जागच्या जागी राहतं. दोष बऱ्याचदा एखाद्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये असतो, आणि तो टास्क मॅनेजरला दिसू शकत नाही. या लॅपटॉपवर तो कसा शोधला ते इथे क्रमाने लिहिलं आहे. विंडोज १० आणि ११ दोन्हीला हीच पद्धत लागू आहे.

आधी हिशेब. १२८ भागिले ४८,००० म्हणजे २.६७ मिलिसेकंद. संगणकाला दर २.६७ मिलिसेकंदांनी आवाजाचा एक बफर तयार करून पुढे द्यावाच लागतो. एकदा जरी उशीर झाला तरी तिथे खड्डा पडतो आणि कानाला टक् ऐकू येतं. आता समजा, एका ड्रायव्हरने मिनिटातून एकदा प्रोसेसरचा एक कोअर ४ मिलिसेकंद अडवून ठेवला. यंत्रात आठ लॉजिकल प्रोसेसर आहेत. म्हणजे मिनिटाभरात उपलब्ध वेळ ४,८०,००० मिलिसेकंद, त्यातले गेले ४. टक्केवारी येते ०.०००८. टास्क मॅनेजर तिथे शून्यच दाखवणार आणि त्याचं काही चुकत नाही. तो सरासरी दाखवतो, आपल्याला हवा असतो सर्वांत लांबलेला एक क्षण. पुढच्या सगळ्या मोजणीत हाच आकडा पाहायचा: सगळ्यात लांब अडथळा किती वेळाचा होता आणि तो कुणी आणला.

अडथळा येतो कसा? नेटवर्क कार्ड, डिस्क, यूएसबी कंट्रोलर यांना काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला इंटरप्ट देतात. प्रोसेसर हातातलं काम टाकून त्या ड्रायव्हरचं इंटरप्ट सर्व्हिस रूटीन, म्हणजे आयएसआर, चालवतो. आयएसआरने फक्त ‘निरोप मिळाला’ एवढं डिव्हाइसला कळवायचं आणि उरलेलं काम रांगेत टाकून बाजूला व्हायचं. रांगेत टाकलेलं ते काम म्हणजे डिफर्ड प्रोसिजर कॉल, डीपीसी. याला काही जण ‘लांबणीवर टाकलेला सिस्टीम कॉल’ म्हणतात, ते चुकीचं आहे. सिस्टीम कॉल आपला प्रोग्राम कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला करतो, तर डीपीसी हे ड्रायव्हरचं स्वतःचं उरलेलं काम असतं आणि त्याच्याशी आपल्या प्रोग्रामचा संबंधही नसतो.

खरी मेख प्राधान्यात आहे. विंडोजमध्ये प्रत्येक कोअरला एक इंटरप्ट पातळी असते. साधे थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या कामाचे धागे, ० वर चालतात, डीपीसी २ वर, डिव्हाइसचे आयएसआर त्याच्याही वर. थ्रेड कितीही महत्त्वाचा असो, त्याला ‘टाइम क्रिटिकल’ किंवा ‘रिअल टाइम’ प्राधान्य दिलेलं असो, तो शेवटी शून्य पातळीवरचाच. कोअरवर डीपीसी चालू असेपर्यंत, कुठला थ्रेड कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या शेड्यूलरला तिथे हात घालता येत नाही. म्हणून ऑडिओ सॉफ्टवेअरचं प्राधान्य वाढवण्याचा सल्ला इथे कामाचा नाही. मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना घालून दिलेली मर्यादा आहे: आयएसआर २५ मायक्रोसेकंदांच्या आत आणि एक डीपीसी १०० मायक्रोसेकंदांच्या आत संपावा. ही मर्यादा पाळायला कुणी जबरदस्ती करत नाही. डीपीसी फारच लांबला तर विंडोज ८ पासून वॉचडॉग निळा पडदा आणतो, डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन, कोड हेक्समध्ये १३३. पण त्याची सीमा ऑडिओच्या गरजेच्या कितीतरी पलीकडे आहे. १०० मायक्रोसेकंद आणि वॉचडॉग यांच्यामधल्या मोठ्या मोकळ्या पट्ट्यात आपला ‘टक्’ राहतो.

मोजणीपूर्वी चाचणीचा आवाज ठरवून घेतला. तबल्यावर चाचणी करू नये, कारण दोन बोलांच्या मध्ये पडलेला खड्डा ऐकूच येत नाही आणि थापेवर पडला तर तो थापेचाच भाग वाटतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा सलग नाद, काळी एकमध्ये, १५ मिनिटं लावला आणि तोच इंटरफेसमधून परत रेकॉर्ड केला. सलग नादात एवढासा तडा गेला तरी कानाला खटकतो, आणि रेकॉर्ड झालेली लहर मोठी करून पाहिली की तुटलेली जागा उभ्या रेघेसारखी दिसते. त्या रेघेची वेळ लिहून ठेवायची. पुढे ट्रेस, म्हणजे यंत्रात क्षणोक्षणी काय चाललं त्याची नोंद, वाचताना तीच वेळ शोधावी लागते.

पहिला ढोबळ अंदाज टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये मिळतो. तिथे ‘सिस्टीम इंटरप्ट्स’ नावाची ओळ असते. ती खरी प्रोसेस नाही, त्यामुळे ती ‘एंड टास्क’ करून बंद करता येत नाही. आयएसआर आणि डीपीसी मिळून गेलेला वेळ तिच्या नावावर लावतात, इतकंच. निवांत यंत्रावर ती एक टक्क्याच्या आत राहते. आठ लॉजिकल प्रोसेसरच्या यंत्रावर ती सतत १२.५ टक्क्यांच्या आसपास चिकटून बसली तर एक अख्खा कोअर इंटरप्टमध्ये जातोय असं समजावं. असं बहुधा खराब यूएसबी उपकरणाने होतं: एकेक उपकरण उपसून पाहिलं की दोन मिनिटांत उलगडा होतो. आमच्या लॅपटॉपवर ती ओळ ०.२ च्या वर गेली नाही. म्हणजे इंटरप्टचा पूर नव्हता, लांबलेला एखादा डीपीसी होता. हे दोन निराळे आजार आहेत आणि त्यांचे उपायही निराळे.

कोअरनिहाय पाहायचं तर परफॉर्मन्स मॉनिटर. ‘प्रोसेसर इन्फर्मेशन’ या गटातले तीन काउंटर पुरतात: डीपीसीत गेलेल्या वेळेची टक्केवारी, इंटरप्टमध्ये गेलेल्या वेळेची टक्केवारी आणि दर सेकंदाला रांगेत पडलेले डीपीसी. ‘टोटल’ न घेता सगळे कोअर वेगवेगळे घ्यावेत. बहुतेक यंत्रांवर शून्य क्रमांकाच्या कोअरवरच जास्त ओझं दिसतं, एवढ्यावरून तो दोष ठरत नाही. पण ऑडिओचा थ्रेड त्याच कोअरवर आला की भांडण होतं. हे काउंटर सेकंदाची सरासरी देतात, म्हणून लांब डीपीसीचं नाव यातून कळणार नाही. ‘वायफाय चालू केल्यावर रांग दुप्पट झाली का’ अशा प्रश्नांना मात्र हे उत्तम.

मग लेटन्सीमॉन, कुठल्या ड्रायव्हरने किती वेळ अडवलं ते नावानिशी दाखवणारा प्रोग्राम. घरगुती वापराची आवृत्ती फुकट आहे. इथे एक इशारा: जुना डीपीसी लेटन्सी चेकर नावाचा हिरव्या-लाल पट्ट्यांचा प्रोग्राम अजून अनेकांच्या पेन ड्राइव्हवर असतो. विंडोज ८ पासून कर्नलच्या टायमरची रचना बदलली आणि तो धडधाकट यंत्रावरही एकसारखे १००० मायक्रोसेकंद दाखवत राहतो. त्यावरून निदान करू नये.

लेटन्सीमॉन चालवण्याआधी चार्जर लावला, ब्राउझर आणि क्लाउड सिंक बंद केलं, स्क्रीन झोपू नये अशी सेटिंग केली. हिरवं बटण दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांत येणारे मोठे आकडे सोडून द्यावेत. प्रोग्राम सुरू होतानाची ती गडबड असते. मग १५ मिनिटं तानपुरा वाजू द्यावा आणि माउसला हात लावू नये. दोन मिनिटं चालवून ‘सगळं हिरवं आहे’ म्हणून उठणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. मिनिटातून एकदा येणारा अडथळा दोन मिनिटांत दोनदाच येणार, त्यातला एखादा बोथट निघाला की चकवा बसतो.

मुख्य पानावरचा लाल-हिरवा निकाल वाचून घाबरायचं कारण नाही. ‘ड्रायव्हर्स’ पानावर जाऊन ‘हायेस्ट एक्झिक्यूशन’ या रकान्यावर टिचकी मारली की सर्वांत लांबलेले वर येतात. पहिल्या फेरीत वरच्या तीन ओळी अशा होत्या: एनडीआयएस.सिस ३.४ मिलिसेकंद, एसीपीआय.सिस १.९, डीएक्सजीकेआरएनएल.सिस ०.४. बाकीचे सगळे ०.२ च्या खाली. ३.४ हा २.६७ पेक्षा मोठा, म्हणजे टक् ठरलेलाच.

या नावांपाशी बहुतेकांची गाडी अडते. एनडीआयएस.सिस हा विंडोजचाच भाग आहे, तो काढून टाकता येत नाही आणि बहुतेक वेळा दोषीही नसतो. तो नेटवर्क ड्रायव्हरांचा मुकादम. इंटरप्ट त्याच्या नावावर येतो, त्याचं रूटीन चालतं आणि ते आत कार्डाच्या कंपनीने लिहिलेल्या ड्रायव्हरला हाक मारतं. घड्याळ मुकादमाच्या नावाने चालू असतं, काम करणारा आत निराळाच. स्टोरपोर्ट.सिस हा डिस्कवाल्यांचा तसाच मुकादम, डीएक्सजीकेआरएनएल.सिस ग्राफिक्सचा, आणि डब्ल्यूडीएफ०१०००.सिस तर कुणाचाही असू शकतो, कारण यूएसबीपासून टचपॅडपर्यंत अनेक ड्रायव्हर त्याच चौकटीत लिहिले जातात. एनटीओएसकेआरएनएल वर दिसला तर विंडोज नव्याने टाकायला धावू नये. कर्नलचे टायमर त्याच्या नावावर मोजले जातात आणि कुणीतरी दुसरा ते टायमर लावत असतो.

नाव नेटवर्कचं आहे एवढं कळल्यावर पुढची पायरी सोपी: डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्ड ‘डिसेबल’ करायचं. एअरप्लेन मोड पुरेसा नाही. त्यात रेडिओ बंद होतो, पण ड्रायव्हर लोड झालेलाच राहतो आणि काही ड्रायव्हर रेडिओ बंद असतानाही दर थोड्या वेळाने कार्डाची विचारपूस करत राहतात. डिसेबल केल्यावर लेटन्सीमॉन पुन्हा शून्यापासून, पुन्हा १५ मिनिटं. एनडीआयएस ०.०९ वर उतरला. टक् कमी झाले, संपले नाहीत.

इथेच ‘वायफायचा दोष होता, चला’ म्हणून उठायचा मोह होतो. पण यादीत १.९ चा एसीपीआय शिल्लक होता. १.९ हे २.६७ पेक्षा कमी आहे, मग टक् का? कारण २.६७ मिलिसेकंद सगळे मोकळे नसतात. त्या प्रोजेक्टमधल्या रिव्हर्ब आणि कॉम्प्रेसरच्या गणिताला प्रत्येक बफरमागे सुमारे १ मिलिसेकंद लागत होता. उरले १.६७. त्यात १.९ चा अडथळा बसत नाही. म्हणूनच रिकाम्या प्रोजेक्टमध्ये टक् येत नाही आणि प्लगइन चढवत गेलं की येतो, आणि लोक प्लगइनला दोष देतात.

एसीपीआय.सिस हा बॅटरी, तापमान, वीज यांचा कारभार पाहणारा विंडोजचा ड्रायव्हर, आणि त्याचं दुखणं लॅपटॉपवाल्यांच्या फार ओळखीचं. बॅटरी किती उरली, तापमान किती, पंखा कुठल्या वेगात, ही माहिती मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलरकडून घ्यावी लागते. पारंपरिक रचनेत हा संवाद हेक्स ६२ आणि ६६ या दोन पोर्टांमधून एकेक बाइट करत चालतो. बाइट मागायचा, कंट्रोलर तयार होईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. वर कंपनीने बायोसमध्ये लिहिलेला कोड विंडोज ओळीमागून ओळ वाचून चालवतो. तो गलथान लिहिलेला असला की वेळ वाढत जातो. खात्री करायला डिव्हाइस मॅनेजरच्या ‘बॅटरीज’मध्ये ‘एसीपीआय कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ ही नोंद डिसेबल केली. १५ मिनिटांत एकही टक् नाही, एसीपीआय ०.१५ वर.

हा उपाय कायमचा म्हणून सांगणारे बरेच भेटतात. तो कायमचा ठेवू नये. नोंद बंद असताना विंडोजला बॅटरीचा पत्ताच नसतो: चार्ज किती ते दिसत नाही, बॅटरी संपत आल्याची सूचना येत नाही, आपोआप हायबरनेट होत नाही, चालू रेकॉर्डिंगसकट यंत्र धाडकन बंद पडतं. चार्जर लावून तासाभराचं रेकॉर्डिंग करायचं तेवढ्यापुरतं ठीक. खरा उपाय लॅपटॉप बनवणाऱ्याचं नवं बायोस. ते टाकल्यावर आणि बॅटरीची नोंद परत चालू केल्यावर एसीपीआयचा सर्वांत लांब आकडा ०.३ च्या आत आला. बायोस बदलताना चार्जर लावलेला असावाच, आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यावी. बायोस बदलल्यावर ती हमखास मागेल असं नाही, पण मागितली आणि जवळ नसली तर डिस्क उघडत नाही.

वायफाय कायमचं बंद ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून नेमका दोषी कोण ते ट्रेसमधून काढलं. विंडोज १० मध्ये डब्ल्यूपीआर हा कमांड लाइनचा रेकॉर्डर आधीपासूनच असतो. ट्रेस वाचायला मात्र विंडोज परफॉर्मन्स टूलकिट वेगळं घ्यावं लागतं. ते मायक्रोसॉफ्टच्या एडीके पॅकेजमध्ये मिळतं आणि इन्स्टॉल करताना बाकीच्या सगळ्या खुणा काढून तेवढंच निवडलं तरी चालतं. त्याआधी लेटन्सीमॉन बंद करायचा. दोघेही कर्नलच्या नोंदींवर जगतात, एकाच वेळी चालवले तर एकतर सुरू व्हायला नकार मिळतो किंवा आकडे बिघडतात.

अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डब्ल्यूपीआरला ‘जनरल प्रोफाइल’ सुरू करायला सांगितलं. ‘फाइलमोड’ हा पर्याय मुद्दाम टाळला. तो दिला की ट्रेस सरळ डिस्कवर लिहिला जातो, फाइल भराभर फुगते आणि डिस्कच्या त्या लेखनाचेच डीपीसी मोजणीत मिसळतात. न दिल्यास नोंदी मेमरीत गोल फिरत राहतात, जुन्या पुसून नव्या. मग तानपुरा लावून वाट पाहायची आणि टक् ऐकू आला की लगेच ‘स्टॉप’ची कमांड द्यायची. ती आधीच टाइप करून ठेवावी, फक्त एंटर दाबायचं बाकी ठेवावं. टाइप करण्यात वेळ गेला तर टक्च्या क्षणाची नोंद तोवर पुसली गेलेली असते. आमचे पहिले दोन ट्रेस असेच वाया गेले.

फाइल विंडोज परफॉर्मन्स अॅनलायझरमध्ये उघडली. ‘कम्प्युटेशन’खाली डीपीसी आणि आयएसआरचा आलेख असतो, तो मॉड्यूल आणि फंक्शनप्रमाणे मांडून घ्यायचा. वेळेचे रकाने दोन प्रकारचे: ‘इन्क्लुझिव्ह’ आणि ‘एक्सक्लुझिव्ह’. डीपीसी चालू असताना मध्येच आयएसआर येऊ शकतो, कारण त्याची पातळी वरची. पहिल्या रकान्यात तो पाहुणाही धरलेला असतो, दुसऱ्यात फक्त डीपीसीचा स्वतःचा वेळ. दोन्हींत मोठा फरक दिसला तर दोष डीपीसीचा नाही, मध्ये घुसणाऱ्याचा. आमच्या ट्रेसमध्ये दोन्ही आकडे जवळपास सारखे होते.

फंक्शन दिसलं एनडीआयएसइंटरप्टडीपीसी, म्हणजे पुन्हा मुकादमच. आत कोण आहे ते पाहायला ‘सीपीयू युसेज सॅम्पल्ड’चा आलेख खाली ओढला, त्याच क्षणावर झूम केलं आणि स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला हाक मारली त्याची उतरंड, उघडला. हे सॅम्पलिंग साधारण दर १ मिलिसेकंदाला एकदा होतं, म्हणून ३.४ मिलिसेकंदांच्या डीपीसीत तीनच नमुने हाती लागतात. तीन नमुन्यांवरून निकाल देऊ नये. असे पाच-सहा लांब डीपीसी शोधून त्यांचे नमुने एकत्र वाचले. पंधराच्या वर नमुन्यांत एनडीआयएसच्या खाली प्रत्येक वेळी वायफाय कार्डाच्या कंपनीचाच ड्रायव्हर, आणि त्याच्याखाली प्रोसेसरला नुसतं थांबवून ठेवणारं कर्नलचं फंक्शन. म्हणजे ड्रायव्हर कार्डाच्या उत्तराची वाट बघत कोअर अडवून उभा होता. स्टॅकमध्ये फंक्शनांची नावं दिसण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिम्बॉल सर्व्हरचा (तिथे ही नावं साठवलेली असतात) पत्ता आधी भरावा लागतो आणि पहिल्या खेपेला डाउनलोडला बराच वेळ लागतो. कंपनीच्या ड्रायव्हरचे सिम्बॉल मिळत नाहीत, त्यामुळे फक्त फाइलचं नाव दिसतं. कुणाचा दरवाजा ठोठवायचा ते कळायला एवढं पुरे.

आलेखांचा कंटाळा असलेल्यांसाठी त्याच टूलकिटमधला एक्सपर्फ बरा. त्याला तीच ट्रेस फाइल देऊन ‘डीपीसीआयएसआर’ ही कृती सांगितली की साधा मजकूर मिळतो. प्रत्येक मॉड्यूलपुढे किती डीपीसी १ मायक्रोसेकंदात संपले, किती २ मध्ये, किती ४ मध्ये, अशी दुप्पट होत जाणारी उतरंड असते. निरोगी ड्रायव्हरची संख्या वरच्या ओळींत संपते. आमच्या एनडीआयएसची हजारो वरच्या ओळींत संपत होती, मग मध्ये बऱ्याच ओळी शून्य, आणि तळाशी दोन हजार ते चार हजारांच्या ओळीत सात. ते सात आणि रेकॉर्डिंगमधल्या उभ्या रेघा यांच्या वेळा जुळल्या.

उपाय दोन पायऱ्यांचा निघाला. वायफाय जोडलेलं असतानाही विंडोज अधूनमधून आसपासची नेटवर्क शोधतं. हे शोधणं एनईटीएसएच या नेटवर्कच्या कमांडच्या डब्ल्यूलॅन विभागातून ‘ऑटोकॉन्फिग’ बंद करून त्या कार्डापुरतं थांबवता येतं. जोडणी चालू राहते, पण तुटली तर आपोआप परत जोडली जात नाही. त्यामुळे ही कमांड आणि उलटी कमांड दोन बॅच फाइलींत ठेवली, रेकॉर्डिंगच्या आधी एक आणि नंतर दुसरी. लांब डीपीसी बरेच कमी झाले. मग लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरचा जुना, दोन आवृत्त्या मागचा ड्रायव्हर टाकला आणि ते थांबलेच. ‘ड्रायव्हर नेहमी नवा हवा’ हा सल्ला इथे उलटा पडला.

ड्रायव्हर बदलल्यावर ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं आणि ‘रिस्टार्ट’ यांत फरक आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये कर्नल बंद न होता हायबरनेट होतो आणि सकाळी तोच परत उभा राहतो. बदल मोजायचा असेल तर रिस्टार्टच करावं. आणि एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलून टक् गेला तर कशाने गेला ते कधीच कळत नाही, आणि परत आला की पहिल्यापासून सुरुवात.

काही ठिकाणं आम्ही तपासली पण इथे दोष निघाला नाही. दुसऱ्या यंत्रावर निघू शकतो. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मधून ‘रिसोर्सेस बाय टाइप’ निवडून इंटरप्टची यादी उघडावी. ज्यांचे क्रमांक ऋण आहेत ती उपकरणं मेसेजवर चालणारे इंटरप्ट वापरतात, ते चांगलं. धन क्रमांकावर दोन-तीन उपकरणं एकत्र बसली असतील तर ती एकच जुनी लाइन वाटून घेत आहेत, आणि एकाला इंटरप्ट आला की सगळ्यांच्या आयएसआरना ‘तुमचा का?’ म्हणून विचारत जावं लागतं. रजिस्ट्रीतून हा प्रकार बदलता येतो, पण डिस्क कंट्रोलरला हात लावू नये, विंडोज सुरूच न होण्याची भीती असते. त्याच मेनूतल्या ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’मध्ये ऑडिओ इंटरफेस आणि वेबकॅम एकाच यूएसबी हबखाली तर नाहीत ना, तेही पाहावं. पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के केल्याने डेस्कटॉपवर फरक पडतो. पातळ लॅपटॉपवर मात्र उष्णता वाढून प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि मिळालेलं परत जातं.

लेटन्सीमॉनच्या ‘प्रोसेसेस’ पानावरचे हार्ड पेजफॉल्ट हा आणखी निराळा विषय. मोठी सॅम्पल लायब्ररी मेमरीत मावत नसली की डिस्कवरून पानं आणावी लागतात आणि त्यात गेलेला वेळ डीपीसीपेक्षा मोठा असू शकतो. तिथे ड्रायव्हर बदलून काही होत नाही, रॅम वाढवावी लागते.

एका प्रकाराला मात्र यातलं कुठलंच साधन पकडू शकत नाही: सिस्टीम मॅनेजमेंट इंटरप्ट. तो थेट फर्मवेअरकडे जातो, त्या काळात विंडोज गोठलेलं असतं आणि आपण गोठलो होतो हे त्याला कळतही नाही. ट्रेसमध्ये कुठलाही लांब डीपीसी नाही, पेजफॉल्ट नाही, आणि तरी लेटन्सीमॉनवर इंटरप्ट आल्यापासून प्रोसेस जागी होईपर्यंतचा वेळ उसळतो, असं दिसलं तर संशय इथे. लिनक्सवर कर्नलमधला ‘एचडब्ल्यूलॅट’ ट्रेसर हेच शोधायला बनवला आहे. तो ठरावीक काळ प्रोसेसर अडवून घड्याळ वाचत बसतो आणि मधल्या उड्या टिपतो. लाइव्ह यूएसबीवरून लिनक्स चालवून त्याच यंत्राची ही चाचणी घेता येते, मात्र त्या वितरणाच्या कर्नलमध्ये तो ट्रेसर असायला हवा. लिनक्सवरचं बाकीचं चित्रही जवळचंच: प्रॉक फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल कोअरनिहाय मोजणी देते, आणि डीपीसीच्या जागी तिथे सॉफ्टआयआरक्यू असतात.

हे सगळं कधी करू नये तेही सांगायला हवं. लेटन्सीमॉन लाल दाखवतोय पण बफर ५१२ चा आहे आणि टक् येत नाही, तर यंत्र सोडून द्यावं. ५१२ सॅम्पल म्हणजे १०.६७ मिलिसेकंद, ३.४ चा अडथळा त्यात बिनबोभाट सामावतो. मिक्सिंग करताना एवढा उशीर कुणालाही जाणवत नाही. गाणाऱ्याला हेडफोनमधून स्वतःचा आवाज लगेच हवा असतो तेव्हाच १२८ किंवा ६४ ची गरज पडते, आणि बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं, म्हणजे आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला देणारं बटण असतं, तेव्हा तीही पडत नाही.

जुना ड्रायव्हर टाकून सगळं शांत झाल्यावर तीन आठवड्यांनी टक् परत आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय ड्रायव्हरची तारीख पाहिली तर नवीच. विंडोज अपडेटने परस्पर तो बदलला होता. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून जुना परत आणला आणि त्या कार्डाच्या ड्रायव्हरचं आपोआप अपडेट बंद केलं. आता आवृत्तीचा क्रमांक आणि एसीपीआय, एनडीआयएसचे १५ मिनिटांचे आकडे लॅपटॉपच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिलेले आहेत. टक् आला की आधी लॅपटॉप उलटा करून तो क्रमांक ताडून पाहतो.